अरोवानाच्या पिल्लांसाठीच्या रंगवर्धक खाद्याविषयी तक्रार

दिनांक : ९ जून

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
शोभिवंत मत्स्यखाद्य विभाग.

विषय : अरोवानाच्या पिल्लांसाठीच्या रंगवर्धक गोळ्यांच्या डब्यावरील घातक सूचना व दिशाभूल करणारा दावा.

महोदय,

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो आणि गेली अकरा वर्षे घरी शोभिवंत मासे पाळतो. मार्च महिन्यात मी स्थानिक दुकानातून सिल्व्हर अरोवानाचे सुमारे १२ सेंटिमीटर लांबीचे पिल्लू आणि आपल्या रंगवर्धक गोळ्यांचा ५०० ग्रॅमचा डबा १,१५० रुपयांना विकत घेतला. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. डब्यावर ‘सर्व जातींच्या अरोवानासाठी, ४५ दिवसांत लालसर सोनेरी झळाळी’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. ती झळाळी आली नाही, याचे मला फारसे दुःख नाही. माझी मुख्य तक्रार खाऊ घालण्याच्या सूचनांविषयी आहे, कारण त्या तंतोतंत पाळल्यामुळे हे पिल्लू मरता मरता वाचले.

माझी टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच असून तीत सुमारे ४०० लिटर पाणी मावते. फिल्टर जुना व मुरलेला (म्हणजे पाण्यातील घाण पचवणारे जिवाणू आत नीट वाढलेला) आहे आणि पिल्लू सोडण्यापूर्वी टेस्ट किटने तपासले तेव्हा पाण्यात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य होते. नळाचे पाणी मी क्लोरीन काढूनच वापरतो. डब्यावरील सूचनेनुसार पिल्लांना दिवसातून पाच वेळा, दहा मिनिटांत संपेल इतके खाद्य द्यावयाचे आहे. प्रत्यक्षात या ‘तरंगत्या’ गोळ्या मिनिटा-दोन मिनिटांत तळाशी जातात. अरोवानाचे तोंड वरच्या बाजूस उघडते व तो पृष्ठभागावरचे भक्ष्य टिपणारा मासा आहे. ऍमेझॉनच्या खोऱ्यात तो पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवरचे किडे उडी मारून पकडतो. बुडालेल्या गोळीकडे माझ्या पिल्लाने ढुंकूनही पाहिले नाही. त्या गोळ्या वाळूत शिरून कुजल्या, आणि मी रोज सायफनने तळ साफ करूनही तिसऱ्या आठवड्यात अमोनिया लिटरमागे १ मिलिग्रॅमवर गेला.

तो एप्रिल होता. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात दुपारी टाकीतील पाणी ३१ अंशांवर पोहोचते आणि माझ्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असतो. पीएच व तापमान जितके अधिक, तितका अमोनियाचा अधिक भाग विषारी स्वरूपात राहतो, आणि कोमट पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. पिल्लू पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले व त्याच्या उजव्या कल्ल्याच्या झाकणाची कड बाहेरच्या बाजूस मुडपू लागली. अरोवाना पाळणाऱ्यांना हे लक्षण चांगले ठाऊक आहे. ते वेळीच थांबवले नाही तर मुडपलेली कड कापण्याची वेळ येते.

मी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर दूरध्वनी केला असता खाद्याची मात्रा तशीच ठेवावी आणि रंग फुलण्यासाठी दिवे चोवीस तास चालू ठेवावेत, असे सांगण्यात आले. अंधाराची वेळच न देता मासा निरोगी राहील, असे मासे पाळणारा कोणीही म्हणणार नाही. नंतर मी पाठवलेल्या ई-मेलला तीन ओळींचे उत्तर आले, त्यात कोल्हापूरचे पाणी जड असल्याचे व पिल्लाची जात निकृष्ट असल्याचे म्हटले होते. पाणी न तपासता आणि मासा न पाहता काढलेल्या या निष्कर्षाबद्दल काय बोलावे!

मी गोळ्या बंद केल्या, रोज पंचवीस टक्के पाणी बदलले, एअर पंप वाढवला आणि टाकीवरची जाळी अधिक घट्ट बसवली, कारण घाबरलेला अरोवाना सर्वांत आधी उडी मारतो. खाद्य म्हणून रत्नागिरीहून येणाऱ्या कोळंबीचे सोललेले बारीक तुकडे दिवसातून दोनदा, तेही मोजून दिले. (घरच्यांना कोळंबी मिळण्याआधी माशाला मिळते, ही टीका मी सहन करतो.) नाकतोडेही चालले असते, पण उसाच्या शेतात फवारणी होत असल्याने मी ते टाळले. तीन आठवड्यांत अमोनिया शून्यावर आला, धाप थांबली आणि कल्ल्याची कड जवळजवळ सरळ झाली. त्याच दुकानातून त्याच दिवशी आणलेले दुसरे पिल्लू राजारामपुरीतील माझ्या मित्राकडे आहे. त्याला आपले खाद्य कधीच दिले गेले नाही आणि त्याला असा कोणताही त्रास झाला नाही. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मला मान्य आहे, परंतु शहराचे पाणी दोघांनाही तेच आहे.

आता रंगाविषयी. डब्यावर ज्या लाल अरोवानाचे छायाचित्र आहे, तो आशियाई अरोवाना आहे. तो साइट्स कराराच्या (धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) परिशिष्ट १ मध्ये असून नोंदणीकृत प्रजनन केंद्रातील पिल्लांचाच, अंगात बसवलेली ओळख-चिप व प्रमाणपत्र यांसह, कायदेशीर व्यापार होतो. त्याचा लाल रंग मुळात आनुवंशिक असतो व तो पूर्ण भरण्यास काही वर्षे लागतात. मासे कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये स्वतः तयार करू शकत नाहीत, म्हणून कोळंबीतील अ‍ॅस्टाझँथिनसारखी द्रव्ये अंगात असलेला रंग उठावदार करतात, हे खरे. पण नसलेला रंग ती आणत नाहीत. सिल्व्हर अरोवाना चंदेरीच राहतो आणि त्याच्या खवल्यांवरची गुलाबी-निळसर छटा स्वच्छ पाण्यात व मंद प्रकाशातच खुलते. माझ्या मते तीच त्याची खरी श्रीमंती आहे. अशा माशाला ४५ दिवसांत लालसर सोनेरी करण्याचे आश्वासन देणे म्हणजे नवख्या पालकाला फसवणे होय.

यासंदर्भात आणखी एक प्रश्न आहे. घटकांच्या यादीत केवळ ‘निवडक रंगवर्धक’ असे लिहिले आहे. नर संप्रेरके देऊन पिल्लांना अवेळी रंग चढवण्याचे प्रकार शोभिवंत माशांच्या व्यवसायात होतात. आपल्या गोळ्यांत तसे काही नाही, हे लेखी कळवावे आणि रंगद्रव्याचे नाव व प्रमाण डब्यावर छापावे.

डब्याची किंमत परत करावी, तसेच पिल्लांसाठीच्या मात्रेची सूचना दुरुस्त करून ‘सर्व जातींच्या’ हे शब्द व ४५ दिवसांचा दावा काढून टाकावा, अशी माझी मागणी आहे. किंमत किरकोळ आहे. सूचनेची दुरुस्ती मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण हाच डबा आज दुसऱ्या कोणाच्या घरात उघडला जात असेल. पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

उरलेल्या गोळ्या डब्यासह जपून ठेवल्या आहेत. तपासणीसाठी नमुना हवा असल्यास कळवावे. मात्र अर्धा डबा पुरावा म्हणून माझ्याकडेच राहील.

आपला,
(सही)
मंगळवार पेठ, कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, डब्याची छायाचित्रे, पाणी तपासणीच्या नोंदी, आपल्या ई-मेलची प्रत.