ओंकार, आधी फळीवर हात बसव

प्रिय ओंकार,

फोनवर तू घाईत होतास म्हणून बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर शंकरपाळ्यांची नक्षी (चेकरिंग) कशी कोरायची ते लिहून पाठवतेय, सावकाश वाच. तुझ्या विंचेस्टर मॉडेल ७० रायफलला आत्ता हात लावायचा नाही. तिच्या दस्त्यावर जी नक्षी आहे ना ती कोरलेली नाहीच, १९६४ ला विंचेस्टरने खर्च कमी करायला रायफलच बदलली तेव्हापासून काही वर्षं ते साच्याने दाबून उठवायचे, म्हणून तिथे शंकरपाळे वर यायच्या ऐवजी आत दबलेले दिसतात. ते पुन्हा कोरता येतं, पण नवशिक्याचं काम नाही ते.

आधी अक्रोडाची एक सपाट फळी घे. पाइन नको, मऊ असतं, टोकं लगेच तुटतात आणि तुला वाटेल आपलाच हात वाईट. फळीवर जमलं की मग एखादा मोडका जुना दस्ता, कारण खरी गंमत (आणि वैताग) गोलाईवर सुरू होते, हत्यार जरा कलंडलं की दोन रेषांमधलं अंतर बदलतं आणि पुढची प्रत्येक रेष तीच चूक उचलत जाते.

हत्यारं महाग सेट घेऊ नकोस, एक सिंगल कटर (एकच रेष कापणारा), एक दोन ओळींचा स्पेसर (रेषांमधलं अंतर सारखं ठेवणारा) आणि रेषा सरळ करायला लांब जॉइंटर, बास. इलेक्ट्रिकवालं तर अजिबात नको, त्याने चूक फक्त फास्ट होते. इंचाला १८ ओळींचा स्पेसर घे. तू २४ म्हणत होतास, पण १८ ला दोन रेषांमध्ये साधारण १.४ मिलिमीटर मिळतात आणि २४ ला जेमतेम एक, तिथे चूक लपवायला जागाच नाही, शिवाय अमेरिकन काळा अक्रोड जरा भरड असतो, बारीक काम त्याच्यात कधीकधी टिकत नाही, ते दाट लाकडावरच शोभतं.

आता मेन गोष्ट. सगळा खेळ पहिल्या दोन रेषांचा आहे, ज्या एकमेकींना छेदतात त्या मास्टर लाइन्स. जाड कार्डाचा एक शंकरपाळा काप, लांबी रुंदीच्या तिप्पट, किंवा किंचित जास्त. तो दस्त्याच्या लांबीला धरून ठेवायचा आणि त्याच्या दोन बाजूंवरून लवचिक प्लास्टिकच्या पट्टीने रेषा पुढे न्यायच्या. इथे अख्खी संध्याकाळ गेली तरी जाऊ दे, बाबा हसतील, हसू देत. ह्या दोन वाकड्या गेल्या तर पुढे काहीही केलंस तरी सरळ होत नाही.

मग स्पेसरचा एक दात आधीच्या रेषेत आणि दुसरा नवी कापतो. पहिल्या फेरीत फक्त ओरखडे, खोल जायचं नाही!! चार-पाच रेषा झाल्या की पट्टी लावून बघ, बाक आला असेल तर तिथेच जॉइंटर फिरव. दोन्ही दिशा भरल्या की मग सिंगल कटरने दोन-तीन फेऱ्यांत खोल करत जा, शंकरपाळ्याचं टोक आलं की थांब, त्यापुढे गेलास तर उंचीच कमी होते. कडेच्या रेषेआधी थोडं अलीकडे थांबून शेवटचा तुकडा छोट्या छोट्या धक्क्यांनी काप, कारण सगळ्यात जास्त घसरतं ते तिथेच आणि बाहेर गेलेली रेष कायम दिसते.

दिवा डोक्यावर नको, बाजूने खाली ठेव, सावलीत रेषा दिसतात. भुसा जुन्या टूथब्रशने काढ. फुंकू नकोस, डोळ्यात जातो. दस्त्यावर येशील तेव्हा बंदूक रिकामी आहे का दोनदा बघ आणि बॅरल-अ‍ॅक्शन (नळी आणि यंत्रणा) आधी वेगळी काढून ठेव, मग दस्ता क्रेडलमध्ये (दस्ता धरायच्या स्टँडमध्ये) दोन टोकांना धरायचा, म्हणजे तो फिरतो आणि तुझा हात एकाच पोझिशनला राहतो. पॉलिश आधी, कोरणं नंतर, शेवटी ब्रशने तेलाचा अगदी पातळ हात, जास्त झालं तर खाचांत चिकटून बसतं.

फळीचे फोटो टाक, क्लोजअप, आणि चांगला भाग निवडून नको टाकूस. माझा जुना जॉइंटर पडूनच आहे, पुढच्या पार्सलमध्ये लोणच्याबरोबर घालते.

आई