सूचना: नवीन लेआउटचा नकाशा, रविवारी मीटिंग
मंडळी, अनगोळकडच्या आपल्या नवीन लेआउटचा नकाशा बुडाकडं (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडं) जायच्या आधी रविवारी सकाळी १० ला गणपती देवळात सगळ्यांनी बघायला या, घरातल्या बायकांना पण घेऊन या, कारण अंधारातनं चालत त्यांनाच यावं लागतंय. चोरी झाल्यावर कॅमेरे लावण्यापेक्षा नकाशातच बघूया की. पार्कची जागा मागच्या कोपऱ्यात दाखवलीय, दोन्हीकडं उंच कंपाउंड, एकाही घराची खिडकी तिकडं नाही, तिथं कोण बसलंय कुणाला दिसणार? ती मधे घ्या म्हणूया. इंग्लंडात १९९८ च्या कायद्यानं कौन्सिलला प्रत्येक कामात गुन्हे रोखायचा विचार करावाच लागतोय, आपण निदान मागणी तरी लेखी देऊया. येताना प्लॉट नंबर लिहून आणा, सह्या तिथंच घेणार.