छायाचित्रातील इतर माणसे

संपादक महोदय,

८ मे १९४५ रोजी, युरोपातील विजयाच्या दिवशी, लंडनच्या व्हाइटहॉलमधील सज्जातून जमावाला हात करणाऱ्या चर्चिल यांचे छायाचित्र छापताना खालच्या ओळीत बहुधा त्यांचेच नाव येते. वास्तविक त्यांच्या शेजारी मजूर पक्षाचे श्रममंत्री अर्नेस्ट बेव्हिन आणि अर्थमंत्री सर जॉन अँडरसन (हेच बंगालचे माजी गव्हर्नर) उभे आहेत. अवघ्या पंधरा दिवसांत, २३ मे रोजी, चर्चिल यांच्या नेतृत्वाखालचे ते सर्वपक्षीय सरकार संपुष्टात आले. २६ जुलैच्या निवडणूक निकालात चर्चिल यांच्या हुजूर पक्षाला हरवत ३९३ जागा जिंकून मजूर पक्ष सत्तेवर आला आणि चर्चिल यांच्या बाजूला उभे असलेले बेव्हिन परराष्ट्रमंत्री झाले. मला तरी छायाचित्रातले हे नाट्य अधिक वेधक वाटते. यापुढे शेजारच्यांचीही नावे द्यावीत, ही विनंती.

– एक वाचक, पुणे