बाजारात आईशेजारी पोत्यावर बसलेल्या बँकेच्या ताईंना

ताई, नमस्कार.

न विचारता तुमचं नाव लिहिणं बरं नाही म्हणून लिहीत नाही, पण माणदेशी महिला बँकेतल्या तुमच्या मैत्रिणी बरोबर ओळखतील.

तुमच्याआधी आई एका मोठ्या बँकेत खातं काढायला गेली होती. तिथल्या साहेबानं मान वर न करता सांगितलं की मालकांना घेऊन या, आणि रोज पन्नास-शंभर टाकायला बँक असते का बाई. घरी आली ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. मला त्याचा राग अजून येतो, आत्ता लिहितानाही येतोय.

मग म्हसवडच्या बाजारात तुम्ही बचतीचे पैसे गोळा करायला आलात. आईसमोर गिऱ्हाईक होतं, हातात मेथीची जुडी, तुम्हाला बघून आई गडबडीनं पैसे काढायला लागली तर तुम्ही म्हणालात, "आधी गिऱ्हाईक करा, मी थांबते." आणि खरंच थांबलात, पावतीचं मशीन मांडीवर घेऊन तिच्याशेजारी पोत्यावर टेकलात, एकामागून एक गिऱ्हाईक येत गेलं तरी घड्याळ बघितलं नाही. मग आईनं पदराला हात पुसून पैसे दिले आणि तुम्ही पावती नुसती हातात न कोंबता वाचून दाखवलीत, आजचे किती, एकूण किती. कर्जबिर्ज सगळं नंतरचं. आई अजून सांगते ते त्या थांबण्याचं.

चेतनाताई सिन्हांनी ही माणदेशी बँक काढायची ठरवली तेव्हा बायका अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी लायसन्स नाकारलं होतं, मग बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या आम्ही व्याज तोंडी सांगतो, तुमच्या लोकांना कॅल्क्युलेटरशिवाय जमतंय का बघा. 1997 ला बँक उभी राहिली. पुढं 2012 च्या दुष्काळात जनावरांसाठी छावणीसुद्धा ह्याच लोकांनी चालवली. सोशल आंत्रप्रेन्युअरशिप, म्हणजे समाजाच्या भल्यासाठी केलेला उद्योग, म्हणून मोठ्या हॉलमध्ये भाषणं होतात, होऊ देत, पण उन्हातान्हात बाजार फिरून दहा-वीस रुपये मानानं घेणाऱ्या तुमच्यासारख्या बायका नसत्या तर हे कशावर उभं राहिलं असतं? समोरच्याच्या धंद्याला धंदा समजणारी माणसं फार कमी भेटतात हो.

आईनं आता इलेक्ट्रॉनिक काटा घेतलाय, कर्जाचा शेवटचा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. तुमची बदली झाली असं कळलं. नवीन मॅडम चांगल्या आहेत, पण हप्ता फिटल्याचं आईला तुम्हालाच सांगायचंय, तेव्हा जमलं तर एकदा बाजारात या.

मनापासून आभार, ताई.