खिडकी उघडली म्हणून सर्दी होत नाही, आई

म्युनिक, २४ जानेवारी २०२१

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर आई नुसती माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघत बसते आणि बोलायचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. मी ठणठणीत आहे.

आधी खिडकीचं. परवा मागे खिडकी सताड उघडी आणि मी कानटोपीत, ते बघून बाबा चिडले. बाबा, ते माझं खूळ नाही. याला इथे श्टोसल्युफ्टन म्हणतात. दिवसातून तीन-चारदा हीटर बंद करायचा, खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाच-दहा मिनिटांनी लावून घ्यायच्या. नुसती फट ठेवली तर माझी रूममेट ओरडते. भिंतींना बुरशी धरू नये म्हणून ही माणसं वर्षानुवर्षं हे करतात, भाड्याच्या करारातसुद्धा लिहिलेलं असतं. त्यात कोरोना आला आणि खुद्द इथल्या चान्सलर मर्केलबाईंनी सांगितलं, हवा खेळती ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपायांपैकी एक. मग काय! बाहेर बर्फ आणि आम्ही खिडक्या उघडून बसलेले. पहिल्यांदा रडूच आलं होतं. आता तेवढ्यात चहा टाकते. खरं तर दिवसाला तेवढंच वेळापत्रक उरलंय.

आई, तू ते 'लास्ट सीन' बघणं बंद कर. पहाटे चारला ऑनलाइन दिसले म्हणजे आजारी नसते. लेक्चर रेकॉर्ड केलेली असतात, कधीही बघता येतात, मग रात्र लांबते. वजन वाढलंय, हो, चार किलो. जिम नोव्हेंबरपासून बंद, रात्री नऊनंतर संचारबंदी, भेटायचं तर दुसऱ्या घरातल्या एकाच माणसाला. पण इसार नदीच्या काठाने रोज चालते. रोज म्हणजे आठवड्यातून तीनदा. विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंशी फोनवर बोलते. इथे पुष्कळ मुलं बोलतात. आजीला सांगू नका.

रेस्टॉरंटं बंद झाली तेव्हाच माझी महिन्याला ४५० युरोची नोकरी गेली. बोलले नाही, कारण ताईच्या साखरपुड्याची गडबड होती. पण सरकार विद्यार्थ्यांना महिन्याला १०० ते ५०० युरो देतंय, फेडायचे नाहीत. खात्यात जितके कमी तितके जास्त मिळतात. मला पूर्ण ५०० मिळाले! बाबा, त्यावरून हिशोब मांडत बसू नका. आणि एफडी मोडू नका, ती ताईच्या लग्नाची आहे.

मुहूर्त माझ्यासाठी पुढे ढकलू नका. हळदीला फोन तेवढा नीट उभा करून ठेवा, मागच्या वेळी तासभर पंखाच दिसत होता. सासरच्यांनी विचारलं, धाकटी कुठाय, तर परीक्षा आहे म्हणा.

तुमची,
धाकटी