भरतीचं वेळापत्रक

नेरूळ
रविवार, रात्री

प्रिय तेजू,

मागच्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "नगर-अभ्यास शिकून तू शेवटी होणार कोण?" आणि मी रेंज गेल्याचं सोंग केलं. पकडलं असशीलच. उत्तर नव्हतं गं.

झालंय असं की तिसऱ्या सेमपासून सहाव्यापर्यंतचे विषय आम्हीच निवडायचे आणि का निवडले ते एका पानात लिहून द्यायचं. मी झोकात यादी केली: समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, पर्यावरण, वास्तुकलेचा इतिहास. लग्नातलं ताट, सगळं थोडं थोडं. मॅडमनी वाचून एवढंच विचारलं, "यातला एक काढला तर तुझं काय अडेल?" काहीच अडलं नसतं. कागद घडी करून घरी आणला.

शनिवारी चिडून वाशीच्या मिनी सीशोअरला जाऊन बसले. तुला आठवतं, आपण तिथं मक्याचं कणीस खायचो ते तळं? ते तळं शोभेचं नाहीच मुळी. तो धारण तलाव आहे. इथली बरीच जमीन खाडीत भराव घालून केलेली, भरतीच्या पातळीपेक्षाही खाली. भरतीच्या वेळी धो धो पाऊस आला तर गटारांचं पाणी खाडीत जाणार कसं? म्हणून ते आधी तळ्यात साठवायचं. तळं खाडीला मिळतं तिथे एकतर्फी झडपा असतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा त्या मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. भरती-ओहोटी फुकटात काम करते. तू सिव्हिलवाली, तुला यात नवल वाटणार नाही. मी मात्र तासभर पाण्याकडे बघत बसले.

आता गंमत ऐक. अशा तळ्यांत गाळ साचतो, त्यावर खारफुटी रुजते. गाळ काढला नाही तर तळ्यात पाणी कमी मावतं, आणि काढायचा तर खारफुटीला हात लागतो. तिला तर 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पक्कं संरक्षण दिलेलं. मग बरोबर कोण? जलशास्त्र येत नसेल तर बोलता येत नाही, परिसंस्था कळत नसेल तरी नाही आणि कायदा ठाऊक नसेल तर कोणी बोलूच देत नाही. मला शोधूनही सापडत नव्हते ते विषय तळ्यानेच समोर ठेवले.

आणि तळ्याच्या आधी तिथे काय होतं? भातशेती, मिठागरं, कोळ्यांच्या वाटा. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 ची, आणि नव्या शहराच्या आराखड्यात 95 गावं. आपण शाळेत 'नियोजित शहर' म्हणून पाठ केलं, पण जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या, जमिनी गेलेल्या गावकऱ्यांच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना त्या लढ्यातून आली, हे मला आत्याकडून कळलं. तिचं सासर घणसोली गावठाणात. ती म्हणते, "सेक्टर उंच झाले, आमचं अंगण तिथंच राहिलं. पाणी आधी आमच्याकडेच येणार की." हे खरं की नुसती तक्रार, हेच मला मोजायचंय.

मोजायचं म्हटलं की संख्याशास्त्र आलं. हसू नकोस. बारावीच्या गणिताने माझी काय दशा केली, ती तू पाहिलीस. पण गाठ अशी की पाऊस माझ्यासाठी थांबणार नाही. अंगणात पाणी कुठवर येतं हे जून ते सप्टेंबरातच दिसणार, म्हणजे क्षेत्रभेटी पाचव्या सेममध्येच. त्याआधी चौथ्यात जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करायचं तंत्र, नाहीतर गावठाणाच्या आणि सेक्टरच्या उंचीचा नकाशा कोण करणार? आणि त्याच्याही आधी, म्हणजे आत्ता, संख्याशास्त्र. वस्तीचे आकडे म्हणून हातात 2011 ची जनगणना, तेव्हा किती भरवसा ठेवायचा हेही त्यातच शिकायचं. 1966 चा नगररचना कायदा पण तिसऱ्यातच घेतेय. अधिकार कोणाचा हेच कळलं नाही तर प्रश्न कोणाला विचारणार? बाकी किरकोळ विषय वेळेत बसतील तसे.

वास्तुकलेचा इतिहास सोडला, हे मनाला लागलं. चार्ल्स कोरियांनी बेलापूरला बांधलेलं आर्टिस्ट्स व्हिलेज, लोकांनी आपापल्या सोयीने वाढवलेली ती घरं, यावर मी पानंच्या पानं लिहिली असती. पण तिथं रविवारी चालत जाता येतं. त्याला क्रेडिट कशाला?

मॅडमनी नवा कागद ठेवून घेतला. फक्त "संख्याशास्त्र" या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. कौतुक की इशारा, कळलं नाही.

तर काम असं, तुझ्या जलशास्त्राच्या वह्या पाठव. मुंग्यांसारख्या अक्षरातल्या असल्या तरी चालतील. सांगलीत पुराची पातळी कुठे आणि कशी मोजतात, तेही कोणाला तरी विचार. दिवाळीत आलीस की तळ्यावर जाऊ, पण ओहोटीची वेळ बघून. झडप उघडताना मला एकदा डोळ्यांनी बघायचीय.

काकूंना नमस्कार सांग. आणि कोण होणार म्हणून पुन्हा विचारलंस तर बाबांचं उत्तर देईन. ते शेजाऱ्यांना सांगतात, "नगरसेविका."

तुझी,
मुक्ता