ओव्हन घेतलेल्या लेकीला

कोल्हापूर
आषाढ, बुधवार

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पावाचा फोटो आईनं चष्मा लावून पाहिला आणि "वीट आहे" असा निकाल दिला. वीट नाही, तहानलेली कणीक आहे. तू फोनवर म्हणालीस, मैद्याऐवजी सगळी कणीक घेतली, साखरेऐवजी गूळ घातला, लोण्याऐवजी तेल, आणि मिठालाही कात्री लावली, तरी असं का झालं? अगं, तरी नाही, म्हणूनच झालं. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंगला भोकं पडायला लागली तर आम्ही वाळू, धातू आणि तापमान एकाच दिवशी कधी बदलत नव्हतो. एक बदलायचं, ओतून बघायचं, मग दुसरं. तू चारही एकदम बदललंस. आता दोष कुणाचा ते देवालाही सांगता येणार नाही.

पण मला अंदाज आहे. कणकेतला कोंडा पाणी सावकाश पितो आणि भरपूर पितो. मैद्याला शंभर ग्रॅममागे साठ मिली पाणी पुरतं, तिथे आपल्या गिरणीच्या कणकेला पंचाहत्तर ते ऐंशी लागतं. शिवाय कोंड्याचे कण ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाच्या, धाग्यांत आडवे येतात, म्हणून जाळी मैद्यासारखी ताणली जात नाही. तर असं कर. पहिल्यांदा अडीचशे ग्रॅम कणीक आणि अडीचशे ग्रॅम मैदाच घे. हो, मैदा. आरोग्याच्या नावानं वीट चावत बसायची आणि मग भूक लागली म्हणून खाली जाऊन पफ आणायचा, त्यापेक्षा हे बरं. हात बसला की मैदा दर खेपेला पन्नास ग्रॅमनं कमी कर.

या पाचशे ग्रॅम पिठाला साडेतीनशे मिली पाणी. आधी फक्त पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेव. ही अर्ध्या तासाची सवय लागली की निम्मं काम झालं, कारण कोंडा मऊ पडतो आणि मळताना तुझे हात वाचतात. मग पाच ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, आठ ग्रॅम मीठ, दोन चमचे तेल घालून दहा मिनिटं चांगलं तिंब. उंडा हाताला किंचित चिकटायला हवा. पोळीच्या कणकेसारखा कोरडा लागला तर पुन्हा वीटच होणार. फुगताना दुप्पट व्हायची वाट बघू नकोस. कणकेचा उंडा दीडपटीच्या थोडा पुढे गेला की साच्यात घाल, फार ताणलास तर ओव्हनमध्ये खाली बसतो. इथे उन्हाळ्यात तो पाऊण तासात वर येतो, तुझ्या बंगळुरूच्या हवेत दीड तासही लागेल. घड्याळ बघू नकोस, उंडा बघ.

मिठाचं सांगतो. आठ ग्रॅम मीठ घातलेल्या लादीचे बारा काप केले तर एका कापात पाऊण ग्रॅमही मीठ येत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्या पाच ग्रॅममध्ये आपलं लोणचं, पापड आणि चटणीच जास्त जागा खातात. पावातलं मीठ आठ ग्रॅमच्या खाली आणलंस तर यीस्ट बेलगाम सुटतं आणि चव पुठ्ठ्यासारखी लागते. तेव्हा मीठ कमी करायचंच असेल तर पापडाकडे बघ.

ओव्हनच्या काट्यावर मात्र काडीचा विश्वास ठेवू नकोस. आयुष्यभर भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस सांगतोय. काटा दोनशे दाखवतो आणि आत एकशे सत्तर असतं. आतल्या जाळीवर ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो घे. दोनशे अंशांवर पस्तीस मिनिटं, आणि पावाच्या पोटात सुई घालून त्र्याण्णव-चौऱ्याण्णव अंश भरले की काढ. गरम असताना कापू नकोस. आतली खळ गार होईपर्यंत बसत नाही, घाईनं कापलंस तर सुरीला चिकटते. हे तुझ्या आईला मी आजवर पटवू शकलेलो नाही.

आता गूळ. मी कोल्हापूरचा, माझं हे बोलणं शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांच्या कानावर गेलं तर मला गावात राहू देणार नाहीत. आपल्या गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण गूळ ही साखरच. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी, गुळात तीनशे ऐंशीच्या आसपास. लोह आणि खनिजं थोडी असतात, पण त्यांच्यापोटी किलोभर गूळ खाणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांची रक्तातली साखरही पाहिली आहे. केकमध्ये गूळ घालायचा तो चवीसाठी. साखरेला नुसता गोडवा असतो, गुळाला वास असतो, थोडी आंबूस-खारट कड असते, त्यामुळे जिथे दोनशे ग्रॅम साखर लागायची तिथे सव्वाशे ग्रॅम गूळ पुरतो. फायदा झालाच तर या कमी झालेल्या पंचाहत्तर ग्रॅमचा.

गुळाचा रवा, म्हणजे ढेप, घेताना पिवळाधमक बघून भाळू नकोस. तो रंग आणायला पुष्कळदा हायड्रॉस नावाचं रसायन वापरतात. पूर्वी गुऱ्हाळात मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायचे, अजूनही काही जण घालतात, त्यांचा गूळ जरा काळपट असतो. तो घे. कोमट पाण्यात विरघळवून गाळून घे, तळाशी काय राहतं ते बघशील. केकला गूळ असेल तर ओव्हन एकशे पासष्टवर ठेव, कारण गुळाचा केक लवकर करपतो. आणि गूळ मुळात आंबट, त्यात दही घातलंस की खाण्याच्या सोड्याला चांगलं काम मिळतं. बेकिंग पावडरची गरजच पडत नाही.

यासाठी खपली गहू पाठवतो आहे. शिरोळकडची माणसं याची खीर करतात ती तू जेवली आहेस. खपलीचं ग्लुटेन दुबळं, पावाला तो निकामी, पण केक आणि बिस्किटांना त्यासारखं पीठ नाही. पावाला जो दोष तोच केकला गुण. शंभर ग्रॅम खपली, शंभर ग्रॅम नाचणी, सव्वाशे ग्रॅम गूळ, दीडशे ग्रॅम दही, साठ मिली तेल, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ, आणि पाण्याऐवजी शंभर मिली कडक कॉफी. कॉफीमुळे नाचणीचा मातकट वास केकमध्ये कोकोसारखा लागायला लागतो. गगनबावड्याकडून आणलेली नाचणी आहे, कॅल्शियम शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण नाचणीत ग्लुटेन अजिबात नाही, म्हणून निम्म्यापेक्षा जास्त घातलीस तर केक ताटात भुगा होऊन पडेल. लोक "शंभर टक्के मिलेट" म्हणून जे विकतात त्यात काय काय घालून ते उभं केलेलं असतं ते वेष्टणावर बारीक अक्षरात वाच.

बेकरीच्या खारी-बटरबद्दल एवढंच. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, ते फार चांगलं झालं. पण त्या जागी आलेली चरबीही काही बदामाचं तेल नव्हे. चहात खारी बुडवायची इच्छा मलाही होते. रविवारी होते, आणि रविवारी मी ती खातो.

कॉफीवर मात्र मला जरा लांबट लिहू दे.

आपल्या गावात चहाला इतिहास आहे. शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर चहाचा मळा लावून बघितला, आणि गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात उघडपणे चहा घेऊन त्यांनी शिवाशिव पाळणाऱ्यांची तोंडं बंद केली. कॉफी इथे पाहुण्यांपुरती. भरपूर दूध, भरपूर साखर, वर किसलेलं जायफळ. तुझी आजी करायची ती कॉफी नव्हतीच, बासुंदीची धाकटी बहीण होती. वाईट होती असं नाही. पण तू चिकमगळूरहून आख्ख्या बिया आणल्यास आणि मी पहिल्यांदा दळून लगेच केली, तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी दूध-साखरच पीत होतो.

या पत्रात सांगायचं आहे ते इथे आहे. साखर बहुतेक वेळा काहीतरी झाकायला घातलेली असते. जळकी, जुनी, डब्यात महिनोन्महिने वास उडालेली पावडर असेल तर दोन चमचे साखर लागणारच. दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम, तीन कपांचे तीस. आरोग्य संघटना दिवसभराची वरची साखर पंचवीस ग्रॅमच्या आत असली तर उत्तम म्हणते, आणि आपण ती फक्त कपात संपवतो. मी "साखर सोड" असं स्वतःला बजावून कधी साखर सोडली नाही. कॉफी चांगली मिळाली, साखर आपोआप अर्ध्या चमच्यावर आली, मग गेली. पावाचंही तसंच. नीट फुगलेल्या पावाला जॅम लागत नाही.

तुझ्या स्टीलच्या फिल्टरसाठी वीस ग्रॅम मध्यम बारीक पावडर, वर चकती हलकी दाबून सव्वाशे मिली पाणी, आणि पंधरा-वीस मिनिटं त्याच्या नादी न लागणं. बंगळुरू नऊशे मीटरवर आहे, तिथे पाणी सत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे गॅस बंद करून दहा-पंधरा सेकंदांत ओतलंस तरी चालेल. चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, हवी तर घाल, तिच्यात कॅफिन नसतं आणि दुधाला दाटपणा येतो, पण पुड्यावरचं प्रमाण वाच. कायद्यानं कॉफी निदान एक्कावन्न टक्के हवी, म्हणजे एकोणपन्नास टक्के चिकोरीही "कॉफी" म्हणून मिळते. मी वीसच्या वर जात नाही. कॉफीत गूळ घालायचाच असेल तर दूध खाली उतरवून घाल, उकळत्यात घातलास तर फाटतं.

माझं कोलेस्टेरॉल जरा वर गेल्यापासून मी कागदाच्या फिल्टरवर आलो आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल असतं, ते कोलेस्टेरॉल वाढवतं, कागद ते अडवतो, स्टीलची भोकं अडवत नाहीत. पंधरा ग्रॅमला अडीचशे मिली, तीन मिनिटं. गाळण्याला कागद लावणारा माणूस आईनं जन्मात पाहिला नव्हता, ती शेजाऱ्यांना बोलावून दाखवते.

तुझं हिमोग्लोबिन गेल्या तपासणीत कमी आलं होतं. जेवताना आणि जेवल्याबरोबर कॉफी घेऊ नकोस, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासभर जाऊ दे. आणि पाचनंतर नको. कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, रात्री दहाला अर्धा कप अजून अंगात असतो, आणि मग तू आम्हाला साडेअकराला फोन करतेस.

चटणी पाठवतोय, यंदाची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, प्रमाण आईचं गुपित. तू उसळीवर कट यावा म्हणून पळीभर तेल ओततेस असं तुझ्याच तोंडून कळलं. गरज नाही. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही, पण त्याला थोडंच तेल लागतं. चौघांच्या मटकीला दीड मोठा चमचा तेल मंद आचेवर कोमट कर, चटणी त्यात घालून अर्धा मिनिट हलव, करपायच्या आत कांदा-खोबऱ्याचं वाटण घाल. तवंग येतो की नाही बघ. चटणीत मीठ आहे, वरून घालण्याआधी चाख. मटणाचं अळणी, म्हणजे ते शिजवलेलं पाणी, आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवलंस तर चरबी वर गोठते, ती चमच्यानं काढ आणि तांबडा रस्सा कर. पांढऱ्या रश्श्याला मात्र हात लावायचा नाही. त्यातलं खोबऱ्याचं दूध, काजू, खसखस कमी करून जे होतं त्याला पांढरा म्हणणारी माणसं आपल्या घरात नकोत. महिन्यातून एकदा कर आणि रीतसर कर.

पार्सल शुक्रवारच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं टाकतो. खपली तीन किलो, नाचणी दोन, गुळाचा एक किलोचा रवा, चटणी, आणि आईनं काय काय आत कोंबलं आहे ते मला ठाऊक नाही. गणपतीला येताना कॉफी आख्खीच आण, दळून नको, आणि या खेपेला भाजणी जरा हलकी बघ. आईला विचारलं तुझ्याकडून काय लिहू, तर ती म्हणाली, वाटणात खोबरं भाजून घालते का कच्चंच, ते आधी विचारा.

तुझा,
बाबा